आठ होकार

फोनताई रोज दुपारी चहा झाला की काळजी करायला बसत. बाकीचे लोक कामं करता करता काळजी करतात. फोनताईंचं कामच काळजी करण्याचं होतं, आणि त्याबद्दल त्यांना पगार मिळत असे.

चपला शिवणाऱ्याच्या दुकानावर एक अरुंद जिना होता. तो चढून गेलं की दोन खोल्यांची कचेरी. तिथून बदलीची माणसं पुरवली जात. कुठं धुलाईच्या कारखान्यात इस्त्रीवाली आजारी पडे, कुठं शाळेच्या स्वयंपाकघरात भांडी घासणारा गावी जाऊन बसे, कुठं वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना उठवणारे, अंघोळ घालणारे, भरवणारे हात कमी पडत. तिकडून फोन आला की फोनताई दुसऱ्या दिवसासाठी माणसं गोळा करायला लागत. हे करता करता त्यांचा डावा कान उजव्यापेक्षा चपटा झाला आहे, असं त्यांचे यजमान म्हणत. यजमान शिलाई मशिनं दुरुस्त करत आणि त्यांना कमी ऐकू येई. घरात एक माणूस एवढं बोलणारं असल्यावर दुसऱ्याच्या कानांनी कधीतरी राजीनामा द्यायचाच, असं ते पाहुण्यांना सांगत, आणि पाहुणे काय म्हणाले ते त्यांना ऐकू येत नसे.

फोनताईंचा प्रश्न ठरलेला. "उद्या येणार नाऽ? मी तुमच्या भरवशावर आहे हं." खरं म्हणजे तो प्रश्न नव्हताच. त्या 'ना'वर त्या असा काही हेल काढत, की समोरच्याला नाही म्हणायला पाय ठेवण्यापुरतीही जागा उरू नये. समोरून हो येई. माझ्या तोंडावर आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही, हे फोनताई अभिमानानं सांगत, आणि ते अक्षरशः खरं होतं.

पण हो आणि हो यांत फरक असतो. कामावरच्या पोरी ज्या उंच बाईला शिडी म्हणत, तिचा हो विहिरीत बादली सोडावी तसा खोल जाई, "होऽऽ", आणि सकाळी शिडी दारात हजर असे. एक म्हातारा आचारी नुसतं "हं" करी. म्हणजे येणार, पण आरामात. एकजण "येते की" म्हणे. त्यातला 'की' वर गेला की समजावं, हिची बस चुकणार. आणि धुलाईचा एक माणूस होता, तो घाईघाईनं दोनदा म्हणायचा, "हो-हो". पहिला हो खोटा आणि दुसरा त्यावर टाकलेलं पांघरूण. त्याला सगळे हो-हो याच नावानं ओळखत. फोनताई हे सगळे होकार मनातल्या तराजूत तोलत आणि आठ माणसं हवी असली तर अकरा होकार गोळा करत. अकरा पेरले की आठ उगवतात, असा त्यांचा हिशोब.

गेल्या महिन्यात अकरा पेरले आणि पाचच उगवले.

वृद्धाश्रमात त्या सकाळी पाच जणांनी दोन मजले सांभाळायचा प्रयत्न केला. वरच्या मजल्यावर एक आजी होत्या. न्याहारीच्या आधी केस विंचरून खुर्चीत बसायची त्यांची पद्धत. कुणी येईना, म्हणून त्या आपल्या आपण उठल्या. खुब्याचं हाड मोडलं. फोनताईंनी त्या आजींना कधी पाहिलेलं नव्हतं. फक्त वृद्धाश्रम सांभाळणाऱ्या मेट्रनबाईंनी फोनवर सांगितलेला, आजींच्या मुठीत तसाच राहिलेला कंगवा त्यांच्या डोक्यात राहून गेला. तेव्हापासून घरात झाकण पडो की चमचा, फोनताईंच्या काळजात धस्स होई.

मेट्रनबाई आसपास सगळे झोपलेले असावेत अशा हळू आवाजात बोलत. त्या हळू आवाजातच त्यांनी बजावलं, की पुढच्या सोमवारी त्यांची कायमची बरीच माणसं रजेवर आहेत, सकाळच्या पाळीला आठ हवेत आणि आठ म्हणजे आठ. सात आले तर आठव्याचं कारण मला सांगू नका, मी दुसरीकडून माणसं घ्यायला लागेन. फोनताई लगेच म्हणाल्या, "हो हो, होणारच." दोनदा म्हणाल्या. पण आपला आवाज आपल्याला कुठं ऐकू येतो?

आता कचेरीचे मालक. मालक प्रत्येक वाक्याला "काय समजलात?" अशी गाठ मारत आणि कुणाला काय समजलं याची वाट न बघता पुढं जात. गेल्या महिन्याच्या प्रकारानंतर त्यांनी आपल्या सुनेला कामाला लावलं. सूनबाई पूर्वी एका मोठ्या कंपनीत संगणकाचं काम करायच्या. त्यांनी सासऱ्यांच्या धंद्यासाठी एक ॲप तयार केलं. सासऱ्यांनी त्यावर विश्वास ठेवला तो नव्या औषधावर ठेवतात तसा, म्हणजे डोळे मिटून, वर पाणी पिऊन. सूनबाईंचा स्वतःवर तेवढा विश्वास नव्हता. त्यांची नखं पार कुरतडलेली असत. "म्हणजे बघा" म्हटल्याशिवाय त्यांचं वाक्य सुरू होत नसे. पण ॲप करण्याआधी त्या कितीतरी दुपारी फोनताईंच्या शेजारी स्टुलावर बसून सगळे फोन ऐकत होत्या, त्यामुळे फोनताईंना त्यांचा राग करता येईना. करायची इच्छा मात्र होती.

ॲप साधं होतं. उद्याचं काम त्यात टाकलं की ते काम येणाऱ्या माणसांच्या फोनवर निरोप जाई. खाली दोन बटणं, हो आणि नाही. कुणी नाही म्हटलं की ॲप आपणहून पुढच्याला विचारी. सकाळी घराबाहेर पडताना 'निघालो' दाबलं, की नकाशावर त्या माणसाचा ठिपका मुंगीसारखा चालायला लागे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी त्यात एक आवाजही होता. "नमस्कार. आपल्यासाठी एक काम उपलब्ध आहे. आपण येऊ शकाल का?" हा आवाज ऐकून शिडी म्हणाली, विम्याचा हप्ता मागायला आलेला माणूस असाच गोड बोलतो.

शिकवणीच्या दिवशी कचेरीत खुर्च्या पुरेनात. माणसं जिन्यात पायरी पायरीवर बसली. कुणाच्या फोनची काच तडकलेली, कुणाच्या फोनला रबर गुंडाळलेलं. सूनबाई समोर उभ्या राहून समजावत होत्या आणि माणसं माना डोलावत होती, पण त्या माना कशा डोलतायत हे फोनताईंना बरोबर कळत होतं. थोड्या वेळानं एकेक फोन गुपचूप त्यांच्याकडं सरकायला लागला. ताई, तुम्हीच करा की. ताई, आमच्या हातानं बिघडायचं. फोनताई लावून देऊ लागल्या.

सगळ्यात खाली एक कळ होती. 'नेहमी हो.' ज्याची रोजची पाळी ठरलेली आहे त्याला रोज विचारत बसायला नको, म्हणून ती ठेवली होती. ती लावली की ॲप त्या माणसाला विचारतच नसे, त्याचा हो आहे असं धरून चाले. सूनबाईंनी हे नीट सांगितलं होतं. पण फोनताईंच्या कानात शिरलं ते एवढंच, की जगात अशी एक कळ आहे जी दाबली की माणूस नेहमी हो म्हणतो. आयुष्यभर ज्या गोष्टीसाठी घसा कोरडा केला ती गोष्ट अंगठ्याखाली आली होती. त्यांनी ती प्रत्येक फोनमध्ये दाबली. "हं, झालं. घ्या." कुणी विचारलं नाही काय झालं. उलट सगळ्यांनी आभार मानले.

घरी गेल्यावर त्यांनी धाकट्या जावेचाही फोन मागून घेतला. दोन भावांचे दोन संसार शेजारशेजारच्या खोल्यांत होते आणि स्वयंपाकघर एक. धाकटे दीर लांबच्या ट्रकवर असत, आणि जाऊ फोनताईंच्याच सांगण्यावरून वृद्धाश्रमात बदलीवर जाऊ लागली होती. तिचा हो फोनताईंनी कधी तराजूत टाकलाच नव्हता. घरचं माणूस, त्याचं काय तोलायचं? जावेचे हात भांड्यांच्या साबणानं भरलेले होते. तिनं कोपरानं फोनकडं खूण केली. फोनताईंनी कळ दाबून फोन परत फळीवर ठेवला.

मग तो रविवार आला. सूनबाईंनी फोनताईंना विनंती केली, की आज कुणालाही फोन करू नका, नाहीतर ॲप चालतं की तुम्ही चालता हे आपल्याला कळणार नाही. फोनताई हो म्हणाल्या आणि हात मांडीखाली दाबून बसल्या. सूनबाईंनी सोमवारची पाळी टाकली. पडद्यावर टपटप आठ ठिपके उमटले, आठही हिरवे.

मालक आतल्या खोलीतून धावत आले. फोनताईंना अख्खी दुपार लागायची आणि हे बघा, एका मिनिटात आठ, काय समजलात? सूनबाईंनी पहिल्यांदाच नख तोंडातून काढलं आणि हसल्या. फोनताईही हसल्या. पण त्यांची नजर पडद्यावरून हलेना. आठ होकार आले होते आणि आवाज एकाचाही आला नव्हता. हिरव्या ठिपक्याला हेल नसतो. हा होऽऽ आहे, हं आहे की येते की आहे, काही कळायला मार्ग नाही. त्या पडद्याला कान लावायच्याच काय त्या बाकी राहिल्या होत्या. मालक म्हणाले, जा आता घरी, आराम करा. उन्हं असताना कचेरीतून बाहेर पडण्याची फोनताईंना सवय नव्हती. रस्त्यात आपण काहीतरी विसरलोय असं वाटून त्यांनी दोनदा पिशवी उघडून पाहिली.

घरी जाऊ स्वयंपाकघरात होती. ओट्याखाली पाण्याचं मोठं पातेलं भरून ठेवलेलं होतं, आणि ती त्यातलं पाणी एकेक तांब्या करून वरच्या लहान पातेल्यात ओतत होती. एका हातानं ओट्याची कड घट्ट धरलेली. फोनताई म्हणाल्या, अगं, पातेलंच उचल की सरळ, किती वेळ घालवशील. जाऊ हो म्हणाली आणि तांब्यानंच ओतत राहिली. तेवढ्यात ओट्यावरचा डाव खाली पडला. फोनताईंच्या काळजात नेहमीसारखं धस्स झालं. पण जाऊ वाकली नाही. तिनं पायाच्या बोटांनी डाव ओढला, बोटांत धरून गुडघ्यापर्यंत वर आणला आणि मग हातात घेतला. हे तिनं इतक्या सराईतपणे केलं, की ती आज पहिल्यांदा करत नाही हे उघड होतं.

कंबर धरली आहे का, असं फोनताईंनी विचारलं. जाऊ म्हणाली, नाही. फोनताईंनी पुन्हा विचारलं. मग हळूहळू निघालं. गेल्या महिन्यातल्या त्या पाच जणांत एक जाऊ होती. वरचा मजला तिनं आणि आणखी एकीनं मिळून उठवला होता, आणि पडलेल्या आजींना उचलायलाही तीच धावली होती. तेव्हापासून कंबरेत चमक होती. त्यानंतरही ती तीन-चारदा कामाला गेली होती, कारण फोनताईंनी विचारलं होतं.

"मग उद्या कशी येणार तू?" फोनताई म्हणाल्या.

"उद्या काय आहे?"

"वृद्धाश्रम. तुझा हो आलाय ना. हिरवा दिसतोय."

जावेनं फळीवरचा फोन काढून पाहिला, पालथा करून पाहिला, आणि पुन्हा ठेवला. "मला कुणी विचारलंच नाही, ताई," ती म्हणाली. "तो हो तुम्हीच म्हटला असाल." तक्रारीचा सूर नव्हता. मीठ वरच्या फळीवर आहे, हे सांगावं तसं तिनं सांगितलं.

फोनताई खाली पाटावर बसल्या. त्यांना स्वतःचा अंगठा आठवला. जिन्यावरची माणसं आठवली, एकामागून एक सरकत आलेले फोन आठवले. आठ ठिपक्यांतला एकही कुणी म्हटलेला नव्हता. सगळे होकार त्यांचेच होते. त्यांनीच विचारलं होतं, त्यांनीच उत्तर दिलं होतं, आणि त्या उत्तराच्या भरवशावर उद्या सकाळी दोन मजले म्हातारी माणसं डोळे उघडून छताकडं बघत पडून राहणार होती.

त्यांनी पिशवीतून फोन काढला. शिडीचा नंबर बोटांना पाठ होता. जाऊ बघत होती. तिच्या लक्षात आलं.

"विचारू नका," ती म्हणाली. "तुम्ही विचारलंत की सगळे हो म्हणतील. मला विचारलंत तर मीसुद्धा म्हणेन. आत्ताच सांगून ठेवते."

फोनताई तशाच उठल्या, पायात दोन वेगवेगळ्या जोडांतल्या चपला अडकवून मालकांच्या घराकडं निघाल्या. ते दोन गल्ल्या पलीकडं राहत. रस्त्यात त्यांच्या मनात नाही नाही ते येऊन गेलं. दार सूनबाईंनीच उघडलं. आत मालक कुणा पाहुण्याला एका मिनिटातल्या आठ होकारांची गोष्ट सांगत होते. "काय समजलात?" दारापर्यंत ऐकू आलं. फोनताईंनी सूनबाईंना जिन्यात बोलावलं, दार ओढून घेतलं आणि झालेला प्रकार सांगितला.

"म्हणजे बघा," सूनबाई म्हणाल्या, आणि पुढं बघण्यासारखं काही नसल्यामुळं गप्प झाल्या. नख तोंडात गेलं. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, ती कळ इथूनही बंद करता येईल, पण मग ॲप सगळ्यांना नव्यानं विचारेल, आणि कोण काय उत्तर देईल सांगता येत नाही. सगळे ठिपके जातील. बाबांनी तर सगळ्यांना सांगून टाकलंय.

दोघी जिन्यात उभ्या राहिल्या. आहे तसं राहू द्यावं, सकाळी येतीलही सगळे, हा विचार दोघींच्याही मनात आला. तो दोघींना एकमेकींच्या तोंडावर दिसला, आणि दोघींनी तो काही वेळ तिथं राहूही दिला. मग फोनताईंना तो कंगवा आठवला.

"त्या आजी वाटच बघत होत्या, वहिनी," त्या म्हणाल्या. "कुणीतरी हो म्हटलेलं होतं."

सूनबाईंनी आतून लॅपटॉप आणला आणि त्या पायरीवर बसल्या. कळ बंद केली. आठही ठिपके राखाडी झाले.

बराच वेळ काही झालं नाही. जिन्यातला दिवा लागला. मग पहिला ठिपका बदलला तो लाल. शिडी. फोनताईंना वाटलं, चुकून दाबलं असेल. इतक्या वर्षांत शिडीनं कधी नाही म्हटलेलं नव्हतं. पाठोपाठ दुसरा लाल झाला, तिसराही. चौथा जावेचा, तो लाल होणार हे माहीत होतं, तरी तो बघताना त्यांना कसंसंच झालं. मग दोन हिरवे आले. उरलेले दोन राखाडी ते राखाडीच. नाही म्हटलेला प्रत्येक ठिपका म्हणजे आपल्या गालावर लगावलेली थप्पड आहे, असं त्यांना वाटायला लागलं. शेवटी न राहवून त्या म्हणाल्या, एक फोन करू द्या, कामासाठी नाही, नुसता.

शिडीनं पहिल्याच घंटेला उचलला. बहुतेक ती वाटच बघत होती. उद्या तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. ते पंधरा दिवसांपूर्वीच ठरलेलं होतं.

"रागावू नका, ताई," शिडी म्हणाली. "तुम्हाला नाही म्हणवत नाही हो. तुम्ही एवढ्या जीव तोडून विचारता, की नाही म्हटलं तर तुमचंच काहीतरी होईल असं वाटतं. मग हो म्हणायचं आणि रात्रभर विचार करायचा, आता काय कारण सांगू. हे मशीन बरं आहे. त्याला काही वाटत नाही."

फोनताईंनी ऑपरेशन नीट होऊ दे म्हटलं आणि फोन ठेवला. मग त्यांच्या ध्यानात आलं, की गेल्या महिन्यात न आलेल्या सहा जणांनीही असाच रात्रभर विचार केला असणार. सहा जण, सहा घरं, आणि प्रत्येक घरात त्यांच्या हेलाच्या धाकानं जागं राहिलेलं एक माणूस.

तिकडं ॲप आपल्या परीनं चाललंच होतं. 'नाही' आलेल्या जागांसाठी ते आणखी माणसांना विचारत होतं, आणि फोनताईंच्या मनातही नसलेल्या लोकांना विचारत होतं. शाळेतल्या भांडीवाल्यानं अंथरुणाला खिळलेल्या वडिलांचं सगळं चार वर्षं केलं होतं, आणि तसं त्यानं शिकवणीच्या दिवशी सूनबाईंना सांगितलंही होतं; त्यांनी ते ॲपमध्ये टाकून ठेवलं होतं. फोनताईंच्या लेखी तो म्हणजे भांडी. त्याचा हिरवा ठिपका आला. भांड्यांच्या खात्यातल्या आणखी एकीचा आला. राखाडी होते त्यांतला एक हिरवा झाला. मग अजून एक. आणि त्यानंतर हो-होचा.

"हा येत नाही," फोनताई म्हणाल्या.

सूनबाईंनी पाहून सांगितलं, की त्यानं ॲपमध्ये म्हाताऱ्यांचं काम जमतं आणि आपण फक्त सकाळी मोकळे असतो असं भरलंय, दुपारी मुलीला शाळेतून आणायचं असतं. फोनताई त्याला नेहमी दुपारच्याच पाळीला बोलवत आल्या होत्या. 

सात झाले. तिथंच गाडी अडली. ज्यांना विचारता येण्यासारखं होतं त्या सगळ्यांना विचारून झालं. सूनबाई पडदा पुन्हा पुन्हा ताजा करत होत्या, जणू रुसलेला आठवा तिथंच कुठंतरी मागं लपून बसला आहे.

आतून मालकांची हाक आली. "सूनबाई, आठ आहेत ना अजून?"

"हो बाबा," सूनबाई म्हणाल्या. जीभ सवयीनं चालली होती. मग त्यांनी फोनताईंकडं पाहिलं, लॅपटॉप खाली ठेवला, दार उघडून उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि पाहुण्यांसमोर म्हणाल्या, "सात आहेत, बाबा. मघाचे आठ खरे नव्हते."

मालक काहीच बोलले नाहीत. काय समजलात, एवढंसुद्धा नाही.

आता मेट्रनबाई राहिल्या होत्या. आजवर मेट्रनबाईंशी बोलताना फोनताईंनी एकच शब्द वापरला होता. आत्ताही तो जिभेवर येऊन बसला होता. होईल, बघते मी, येतील आठ. रात्रीतून एखादा मिळेलही, आणि न मिळाला तर सकाळी सकाळचं बघता येईल.  त्यांनी नंबर लावला. पलीकडून ताटल्यांचा आवाज येत होता, म्हणजे म्हाताऱ्यांची जेवणं चालली होती.

"सात आहेत," फोनताई म्हणाल्या. "आठवा नाही. शोधते आहे, पण आत्ता या घडीला नाही."

ताटल्यांचा आवाज येत राहिला.  दुसरीकडून माणसं घेण्याचं वाक्य आता येईल, मग येईल, म्हणून फोनताईंनी जिन्याचा कठडा धरून ठेवला. अखेर मेट्रनबाई त्यांच्या त्या हळू आवाजात म्हणाल्या, की मग वरच्या मजल्यावरच्या अंघोळी दुपारी घेते, आणि रात्रपाळीच्या बाईला थोडं थांबवून घेते. कुणाला आधी उठवायचं ते आत्ताच ठरवावं लागेल. त्या जणू स्वतःशीच बोलत होत्या. मग थोडं थांबून म्हणाल्या, "मागच्या वेळी हे आदल्या दिवशी कळलं असतं, तर मी त्यांच्या खोलीत कुणालातरी बसवलं असतं."

 मेट्रनबाईंनी उत्तराची वाट पाहिली नाही. सकाळी बघू, म्हणाल्या आणि फोन ठेवला. काम राहिलं की गेलं, काही कळलं नाही.

सकाळी फोनताई वृद्धाश्रमासमोरच्या बंद औषधाच्या दुकानाच्या पायरीवर उभ्या होत्या. त्यांना कुणी बोलावलेलं नव्हतं. फोन हातात होता, पण फोन करायचा नाही असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं. नकाशावर ठिपके मुंग्यांसारखे सरकत होते. भांडीवाला आला, शर्टाच्या बाह्या आधीच वर सरकवलेल्या. दोघी बोलत बोलत आल्या. एकेक करत फाटकातून सहा जण आत गेले. सातवा ठिपका चौकात अडकून पडला होता. फोनताईंनी अंगठा फोनवर आणला आणि मागं घेतला. पुन्हा आणला, पुन्हा मागं घेतला. ठिपका हलेना. वरच्या मजल्यावर एकेक खिडकी उजळत होती. तो आला नाही तर काल सांगितलेले सातही खोटे ठरणार होते, आणि मग मेट्रनबाईंना सांगण्यासारखं काहीच उरणार नव्हतं.

सायकलची घंटा वाजली. पँटच्या पायाला कपड्यांचा चिमटा लावलेला हो-हो घाईघाईनं फाटकाशी उतरला. चौकात चेन पडली होती, हात काळे झाले होते. राखणदारानं उशीर का म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, "हो-हो, आलो ना," आणि आत पळाला.

 फोनताई परत निघणार, इतक्यात मेट्रनबाई फाटकाबाहेर आल्या. दोघींनी एकमेकींना प्रत्यक्ष कधी पाहिलेलं नव्हतं, पण मेट्रनबाईंनी ओळखलं. एवढ्या सकाळी, कालच्याच त्या दोन वेगवेगळ्या चपला घालून, फोनकडं बघत उभं राहणारं दुसरं कोण असणार? त्या रस्ता ओलांडून आल्या. सातही आल्याचं त्यांनी सांगितलं, जणू ते फोनताईंना माहीतच नसावं. मग म्हणाल्या, की पुढच्या आठवड्यापासून दुपारच्या पाळीलाही रोज चार जण लागणार आहेत.

"द्याल?"

फोनताईंचे ओठ त्या शब्दासाठी गोल होऊनही गेले होते. त्यांना जाऊ आठवली. निघताना ती कंबरेखाली गरम पाण्याची पिशवी घेऊन पडली होती, आणि तरीही झोपेत पांघरुणाखालून विचारत होती, ताई, मी येऊ का?

"विचारून सांगते," फोनताई म्हणाल्या.

आता ही रागावणार, असं त्यांना वाटलं. मेट्रनबाईंनी नुसती मान हलवली, संध्याकाळपर्यंत कळवा म्हणाल्या, आणि लगबगीनं आत गेल्या. आत कुणालातरी उठायचं होतं, आणि उठवायला माणूस आलेलं होतं.